आठ कोटी चौसष्ट लाख मिलिसेकंद

गेल्या महिन्यात आईच्या घरचा माळा आवरताना माझ्या भाचीला एक फाइल सापडली. आत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेला लिंगो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड होता, त्या कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. ऑफिसात हिशेबासाठी तोच प्रिंटर होता, म्हणून आम्हीही त्याच्यावरच छापायचो. भाची स्वतः जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, काम करते. तिनं एका ओळीचा फोटो काढून मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"मावशी, हे ८६४००००० काय आहे? आणि ते खोडून लाल पेनानं ३००००० कुणी केलं?"

खोडणारी मीच. त्या एका ओळीमागे २००३ सालचा आख्खा हिवाळा आहे. तिला फोनवर अर्धवटच सांगता आलं, म्हणून आज नीट लिहून काढते.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या मल्टिमीडिया स्टुडिओत होते. मुलांसाठी शैक्षणिक सीडी आणि प्रदर्शनांसाठी टचस्क्रीनवरचे खेळ असं आमचं काम. सगळं मॅक्रोमीडिया कंपनीच्या डायरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: डायरेक्टरचा सगळा संसार नाटकाचा होता. पडदा म्हणजे स्टेज, चित्रं-आवाज ठेवायची जागा म्हणजे कास्ट, कोण कधी स्टेजवर येणार ते लिहायचं स्कोअरमध्ये, आणि स्टेजवर आलेलं चित्र म्हणजे स्प्राइट. पूर्ण झालेल्या फाइलला मूव्ही म्हणायचे. या सगळ्यांना बोलतं करणारी भाषा लिंगो. मराठी मजकूर मात्र चित्र म्हणूनच टाकावा लागे, कारण डायरेक्टरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची संकेतपद्धती, कळायला २००८ साल, म्हणजे अकरावी आवृत्ती उजाडावी लागली. 'ढग' या शब्दात एक चूक निघाली की फोटोशॉपपासून पुन्हा सुरुवात.

काम आलं होतं शाळांसाठीच्या पाण्यावरच्या प्रदर्शनाचं. त्यात आमच्या वाट्याला पाऊस. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पुण्यात सातशेच्या आसपास, हे मुलांना बोटानं ढग ढकलून कळावं अशी कल्पना होती. ढग डोंगरावर नेला की थेंब पडू लागायचे. एका वेळी चाळीस थेंब, प्रत्येकाची चाल थोडी वेगळी. कुणी वाऱ्यानं तिरका, कुणी उतारावरून घरंगळणारा. खाली कोपऱ्यात 'पुन्हा' असं बटण.

प्रत्येक थेंब मी स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे स्वतःची माहिती आणि स्वतःची चाल बाळगणारा कोडचा तुकडा म्हणून लिहिला होता. पेरेंट स्क्रिप्ट, म्हणजे कोडचा साचा, एकच, त्यातून जन्माला घातलेली चाळीस लेकरं. लिंगोत ऑब्जेक्ट स्वतःचा उल्लेख करतो तेव्हा शब्द येतो 'मी'. रोमन लिपीत एम आणि ई अशी दोन अक्षरं, पण उच्चार आणि अर्थ दोन्ही आपल्याच 'मी'चे. नवीन आलेल्या मुलांना मी ऑब्जेक्ट शिकवायचे ते याच शब्दापासून. "कोडमध्ये मी दिसलं की त्या थेंबाच्या तोंडचं वाक्य समजून वाचा," एवढं सांगितलं की अर्धं काम व्हायचं.

या लेकरांची एक अडचण होती. डायरेक्टर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, हाकारे घालतो: फ्रेम काढण्याआधी प्रिपेअरफ्रेम, फ्रेममध्ये शिरल्यावर एंटरफ्रेम, बाहेर पडताना एक्झिटफ्रेम. मूव्ही सुरू होताना प्रिपेअरमूव्ही आणि स्टार्टमूव्ही, थांबताना स्टॉपमूव्ही. हे हाकारे स्प्राइटला चिकटवलेल्या स्क्रिप्टला जातात, फ्रेमच्या स्क्रिप्टला जातात, मूव्हीच्या स्क्रिप्टला जातात. पण नुसत्या मेमरीत जन्मलेल्या ऑब्जेक्टला कुणी हाक मारत नाही. तो घरात राहतो, जेवतो-खातो, पण रेशनकार्डावर त्याचं नाव नाही. त्याच्या अंगात प्रिपेअरफ्रेम नावाचा हँडलर, म्हणजे त्या हाकेसरशी चालायचा कोड, लिहून ठेवला तरी तो बापडा बसूनच राहणार.

जुना उपाय होता ॲक्टरलिस्ट. ऑब्जेक्टला त्या यादीत घातलं की दर फ्रेमला स्टेपफ्रेम हा एक निरोप त्याला मिळायचा. एकच निरोप. मूव्ही संपते आहे, आवरा, हे त्याला कळायची सोय नाही. शिवाय एका मूव्हीतून दुसरीत गेलं तरी ती यादी आपोआप रिकामी होत नसे. नव्या मूव्हीत जुन्या मूव्हीतली भुतं नाचायची. म्हणून प्रिपेअरमूव्हीमध्ये यादी हातानं रिकामी करायची शिस्त आम्हाला लावलेली होती.

मग टाइमआउट ऑब्जेक्ट आले. वरवर पाहता हा गजर आहे. त्याला नाव द्यायचं, किती मिलिसेकंदांनी वाजायचं ते सांगायचं, वाजल्यावर कुठला हँडलर चालवायचा ते सांगायचं आणि शेवटी तो हँडलर कुणाच्या अंगातला, म्हणजे टार्गेट कोण, ते सांगायचं. आपल्या लिपीत लिहिली तर ओळ साधारण अशी होईल:

टाइमआउट("थेंब७").न्यू(२०००, #घसर, मी)

दर दोन सेकंदांनी 'घसर' चालवा, आणि तो माझ्यातला चालवा. मला वाटलं होतं प्रकरण इतकंच आहे. पण मॅन्युअलमध्ये पुढे एक छोटा परिच्छेद होता. टाइमआउटचं टार्गेट जर ऑब्जेक्ट असेल, तर तो टाइमआउट त्या ऑब्जेक्टला पाच सिस्टिम इव्हेंटही, म्हणजे डायरेक्टरचे ते हाकारे, पोचवतो: प्रिपेअरमूव्ही, स्टार्टमूव्ही, स्टॉपमूव्ही, प्रिपेअरफ्रेम, एक्झिटफ्रेम. ऑब्जेक्टमध्ये त्या नावाचा हँडलर असेल तर तो चालतो, नसेल तर काही बिघडत नाही. गजर वाजायला दोन सेकंद असोत की दोन तास, त्याच्याशी या पोचवण्याचा संबंध नाही. आणि हा निरोप मध्येच कुणी गिळत नाही. मूव्हीच्या आणि स्प्राइटच्या स्क्रिप्टना तो नेहमीसारखा मिळतोच.

तो परिच्छेद मी तीनदा वाचला. थेंबाला आता स्वतःहून कळणार होतं की फ्रेम काढली जाणार आहे, जागा बदल. मी खूश होऊन चाळीस थेंबांना चाळीस टाइमआउट दिले. नावं एकसारखी होऊ नयेत म्हणून प्रत्येक नावापुढे घड्याळातले मिलिसेकंद जोडले. ऑफिसात पाऊस छान पडला. आमच्या सरांनी दोनदा ढग ढकलून पाहिला आणि सीडी बर्न करायला सांगितली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. सकाळी पाऊस धो धो पडतो आणि चार वाजेपर्यंत थेंब रांगायला लागतात. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. हार्डवेअरवाल्या मुलानं रॅम बदलून पाहिली, काही फरक नाही. ढगाला बोट लावलं तर ढग एक सेकंदानं हलतो, आणि मुलं तोवर पुढच्या टेबलाकडे पळतात, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. त्या वयाच्या मुलाला एका टेबलापाशी थांबवायला आपल्या हातात दहाएक सेकंद असतात, आणि ते सेकंद माझा कोड खात होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डायरेक्टरमध्येच मूव्ही चालवली. शेजारच्या मुलीला म्हटलं, तू फक्त 'पुन्हा' दाब, आणि मी मेसेज विंडोत, जिथे डायरेक्टरला थेट प्रश्न विचारता येतात, टाइमआउटलिस्ट मोजत बसले. चालू असलेल्या सगळ्या टाइमआउटची यादी डायरेक्टर स्वतःकडे ठेवतो आणि ती कधीही विचारता येते.

पहिल्यांदा उत्तर आलं ४०.

तिनं 'पुन्हा' दाबलं. ८०.

पुन्हा. १२०.

ती थांबली. म्हणाली, "अगं, जुने थेंब गेलेच नाहीत."

गेले नव्हतेच. 'पुन्हा' दाबल्यावर मी माझ्या यादीतून जुने थेंब काढून टाकत होते, व्हेरिएबल रिकामे करत होते, आणि ऑब्जेक्ट मेला असं समजत होते. लिंगोत एखाद्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कुणीच उरलं नाही की तो जातो. इथे मी हात सोडला होता, पण टाइमआउटनं सोडला नव्हता. टार्गेट म्हणून त्यानं थेंबाला घट्ट धरून ठेवलेलं होतं. टाइमआउट जायचा तर त्याला फरगेट सांगावं लागतं, नाहीतर मूव्ही थांबावी लागते. आमची मूव्ही सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला थांबत होती.

पडद्यावर हे दिसत का नव्हतं, तेही मग उलगडलं. जुना थेंब आणि नवा थेंब दोघंही त्याच एका स्प्राइटला जागा सांगत होते. नवा यादीत शेवटी, म्हणून शेवटचा शब्द त्याचा, आणि प्रिपेअरफ्रेम उरकल्यावरच चित्र काढलं जात असल्यामुळे डोळ्यांना फक्त तोच दिसायचा. मागे उभे असलेले जुने थेंब वारा मोजत होते, उतार मोजत होते आणि कुणालाही न दिसता पडत होते. मूव्ही सेकंदाला १५ फ्रेमची. दिवसभरात साठ मुलांनी 'पुन्हा' दाबलं की सुरुवातीचे धरून २४४० थेंब. म्हणजे सेकंदाला ३६,६०० वेळा कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं, आणि त्यातल्या ३६,००० हाका मेलेल्या पावसाला.

सोपा उपाय होता: 'पुन्हा' दाबल्यावर प्रत्येकाला फरगेट सांगायचं. तो पाच मिनिटांत झालाही. पण माझं समाधान होईना. चाळीस थेंबांना चाळीस दूत कशाला? दूत एकच असावा आणि त्यानं घरातल्या कर्त्याला निरोप द्यावा, पुढे पोरांना काय सांगायचं ते कर्ता बघेल. म्हणून मी आणखी एक ऑब्जेक्ट लिहिला, त्याचं नाव पाऊसवाला. थेंबांची यादी त्याच्याकडे. टाइमआउट एकच, टार्गेट पाऊसवाला. प्रिपेअरफ्रेम आला की तो यादीतल्या प्रत्येक थेंबाला हलवायचा. जमिनीला लागलेले थेंब मात्र तिथेच काढून टाकायचा नाही, कारण चालू यादीतून मधलाच काढला की पुढचा एक मोजायचा राहून जातो. ते काम एक्झिटफ्रेमवर, चित्र काढून झाल्यानंतर, यादीच्या शेवटाकडून मागे येत. आणि स्टॉपमूव्ही आला की दिवसभरात किती जणांनी ढग ढकलला तो आकडा फाइलआयओ एक्स्ट्रातून, म्हणजे फाइली लिहू-वाचू देणाऱ्या जोडणीतून, एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. हा आकडा आधी मूव्ही स्क्रिप्टमध्ये ग्लोबल व्हेरिएबलात भटकत होता. आता तो ज्याचा त्याच्याकडे गेला.

इथे तो मोठा आकडा येतो. पाऊसवाल्याला गजराची गरजच नव्हती, त्याला फक्त निरोप हवे होते. पण टाइमआउट जन्माला घालायचा तर काहीतरी मुदत द्यावी लागते आणि एका हँडलरचं नाव द्यावं लागतं. मी चोवीस तास दिले. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ८,६४,००,००० मिलिसेकंद. दिवसातून आठ तास चालणाऱ्या मशीनवर हा गजर वाजणारच नव्हता. हँडलरचं नाव ठेवलं काहीनाही, आणि त्यात खरंच काही नव्हतं. भाचीनं फोटो पाठवलेली ओळ ती हीच. तिचं म्हणणं, "टायमर आहे पण वेळ मोजत नाही, हे कसलं?" अगदी बरोबर. तो टायमर दारावर बसवलेल्या माणसासारखा होता. आत-बाहेर काय चाललंय ते मालकाच्या कानावर घालायचं, एवढ्यासाठीच तिथे ठेवलेला.

दुरुस्त मूव्ही घेऊन मी स्वतः प्रदर्शनाला गेले. दुपारी साडेचारला एका मुलानं ढग महाबळेश्वरवर नेला, थेंब सकाळच्याच वेगानं पडले, आणि त्यानं दप्तर खाली ठेवून तोच ढग पलीकडे वाईकडे ओढला. तिथे पाऊस कमी झाला. त्यानं ढग परत मागे नेला. असं पाच वेळा. मी बाजूला उभी राहून बघत होते.

मग गुरुवार आला. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जाण्याचा वार, हे पुणेकरांना सांगायला नको. सकाळी अकराला लाइट गेली ती तीनला आली. मशीनला यूपीएस नव्हता. संध्याकाळी टेक्स्ट फाइल उघडली तर त्या दिवशीचा आकडा फक्त तीननंतरचा. लाइट जाते तेव्हा स्टॉपमूव्हीचा हाकारा द्यायला कुणी जागंच नसतं, त्यामुळे पाऊसवाल्याला आवरायचा निरोप पोचलाच नाही. सकाळच्या तासाभरातल्या मुलांची मोजणी हवेत गेली. प्रदर्शन भरवणाऱ्यांना शाळांना अहवाल द्यायचा होता आणि त्यात हा आकडा हवा होता.

त्या रात्री मी प्रिंटआउटवर लाल पेनानं ८६४००००० खोडलं आणि वर ३००००० लिहिलं. पाच मिनिटं. काहीनाही खोडून तिथे नोंद. आता तोच टाइमआउट दोन्ही कामं करू लागला. दर फ्रेमचे निरोप पाऊसवाल्याकडे पोचवायचा, आणि दर पाच मिनिटांनी वाजून आकडा फाइलमध्ये उतरवायला लावायचा. लाइट गेलीच तर जास्तीत जास्त पाच मिनिटांचं नुकसान.

भाचीनं यावर एक चांगला प्रश्न विचारला. पाचही इव्हेंट पोचतात म्हणतेस, तर प्रिपेअरमूव्ही कसा पोचेल? टाइमआउट जन्माला येतो तोच मूव्ही सुरू झाल्यावर, तोवर तो हाकारा होऊनही गेलेला असतो. मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर टाइमआउटच्या पर्सिस्टंट या गुणात आहे. एरवी मूव्ही थांबली की तिचे टाइमआउट पुसले जातात. पर्सिस्टंट खरं केलं तर तो पुसला जात नाही, आणि एका मूव्हीतून दुसरीत जाताना आपल्या टार्गेटला घेऊन पलीकडे पोचतो. तिथे नवी मूव्ही सुरू होताना त्याला प्रिपेअरमूव्ही, स्टार्टमूव्ही सगळं मिळतं. नंतरच्या एका सीडीत, जिथे प्रत्येक धडा वेगळी मूव्ही होता, मुलाचे गुण सांभाळणारा ऑब्जेक्ट मी असाच धड्याधड्यातून चालवत नेला. मात्र पर्सिस्टंट केलेल्या टाइमआउटला मूव्ही संपली तरी सुटका नाही. त्याला फरगेट आपणच सांगायचं. सीडीतून बाहेर पडायच्या बटणाच्या कोडमध्ये मी ती ओळ सगळ्यात आधी लिहिली, बाकीचं नंतर.

काय पोचत नाही तेही सांगते, कारण यात आमच्याकडच्या एका मुलाचे दोन दिवस गेले होते. माउसच्या आणि कीबोर्डच्या हाका टाइमआउटमधून येत नाहीत. एंटरफ्रेम येत नाही. ऑब्जेक्टमध्ये माउसडाउन लिहून तो कितीही क्लिक करत बसला असता तरी काही झालं नसतं. शिवाय टार्गेटच्या जागी ऑब्जेक्ट न देता एखादा आकडा किंवा यादी दिली, तर तो हँडलर मूव्ही स्क्रिप्टमध्ये शोधला जातो आणि ती दिलेली गोष्ट टाइमआउटला चिकटलेली माहिती म्हणून वापरता येते. सोय चांगली, पण मग इव्हेंट कुणाकडे पोचवायचे? समोर घ्यायला कुणी नसतंच.

डायरेक्टर आता नाही. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली, २०१७ च्या फेब्रुवारीत डायरेक्टरची विक्री थांबली, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्राउझरमध्ये त्या मूव्ही चालवणारा शॉकवेव्ह प्लेअरही बंद झाला. त्या दिवशी मी आमच्या जुन्या सीड्या काढून पुसून ठेवल्या. जुने खेळ चालवणाऱ्या स्कमव्हीएमवाल्यांनी डायरेक्टरच्या मूव्ही चालवण्याचं काम हाती घेतलंय हे भाचीनंच सांगितलं, आणि मला फार बरं वाटलं. आमच्या कामाला वर्तमानपत्रात परीक्षण नव्हतं की ग्रंथालयात जागा नव्हती. खेळ चालला तरच तो होता.

फोन ठेवण्याआधी भाचीनं तिच्या स्क्रीनचा एक फोटो पाठवला. डॅशबोर्डचं पान, आत सेटइंटरव्हल, म्हणजे जावास्क्रिप्टमधला पुन्हापुन्हा वाजणारा गजर, आणि पानावरून निघून गेल्यावर तो बंद करणारं क्लिअरइंटरव्हल कुठेच नाही. तिच्या ऑफिसात गेले तीन आठवडे सगळे सर्व्हरला दोष देत होते. मी तिला म्हटलं, पान उघड-बंद कर आणि दर वेळी किती हाका चालू आहेत ते मोज.

दहा मिनिटांनी मेसेज आला: १, २, ३, ४.

आणि लगेच दुसरा: "मावशी, ती फाइल मी रद्दीत देत नाहीये."